मार्चपर्यंत चॅम्पियन

आमच्या तालमीचं नाव मी सांगणार नाही. कोल्हापूरचा वाचक ते चार ओळींत ओळखेल, बाहेरगावच्याला सांगून उपयोग नाही, आणि मला अजून याच पेठेत राहायचं आहे. एवढंच सांगतो की आमचा संघ केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटात खेळतो, शाहू स्टेडियमवर खेळतो आणि मार्चपर्यंत फार चांगला खेळतो.

मार्चनंतर काय होतं, यावर पेठेत संशोधन चालू आहे. संशोधक पुष्कळ, निधी चहापुरता, आणि निष्कर्ष दर पराभवागणिक नवा.

बाहेरच्यांसाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावं वाचली की पुण्या-मुंबईच्या माणसाला आपण कुस्त्यांची जाहिरात वाचतोय असं वाटतं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. मध्येच प्रॅक्टिस क्लब किंवा फुलेवाडी क्रीडा मंडळ आलं की त्याला जरा धीर येतो. पण त्याचा समज अगदीच चुकीचा नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं, पेठापेठांतल्या तालमींना बळ दिलं. पुढं राजाराम महाराजांच्या काळात, १९४० साली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली आणि त्याच तालमींतल्या पोरांनी लंगोट खुंटीला अडकवून बूट घातले. पेठेची इज्जत आखाड्यातून उठली आणि गोलपोस्टात जाऊन बसली. कुस्तीत एक सोय होती. पैलवान चीत झाला की विषय मिटला, घरी जाऊन दूध प्यायला मोकळे. फुटबॉलमध्ये चीत व्हायला दीड तास लागतो, आणि एका हंगामात तो कार्यक्रम कितीही वेळा करता येतो.

संघ निवडायची पद्धत आमच्याकडं नाही. तो रेशनकार्डाबरोबर येतो. जन्म शिवाजी पेठेत झाला की एक यादी, मंगळवार पेठेत झाला की दुसरी, आणि त्यातही गल्ली कुठली यावर पोटयादी. पक्ष बदललेली माणसं आम्ही भरपूर पाहिलीत, एकाच आठवड्यात दोनदा बदललेलीही पाहिलीत. तालीम बदललेला माणूस मात्र अजून पाहण्यात नाही. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेली तरी सामन्याच्या दिवशी माहेरी फोन करून आधी स्कोअर विचारते आणि मग आईची तब्येत. तिच्या सासूला हे माहीत असतं. सासूही तेच करते.

तर, आमचा हंगाम. डिसेंबरात सुरुवात झाली ती झोकात. पहिल्याच सामन्यात पोरांनी असा खेळ केला की हलगीवाल्याचे हात दुखले. जानेवारीत आम्ही गुणतक्त्यात सगळ्यांच्या वर. पेठेतल्या प्रत्येक मोबाइलवर तो गुणतक्ता स्टेटसला लागला, आणि ज्याला ऑफसाइड म्हणजे काय हे सांगता येत नाही असा माणूससुद्धा गोलफरकावर बोलायला लागला. फेब्रुवारीत तर संघ अशा लयीत होता की आम्ही सामन्याला उशिरा जायला लागलो. काळजी नसली की माणूस उशिरा जातो.

त्याच लयीत एक गोष्ट घडली. कुणीतरी डिजिटल फलक करायला टाकला.

कोल्हापुरात डिजिटल फलकाशिवाय विजय पूर्ण होत नाही; काही वेळा विजयाशिवायही फलक पूर्ण होतो. आमच्या फलकावर मागं डरकाळी फोडणारा वाघ, वाघामागं ज्वाला, ज्वालेतून चालत येणारे अकरा खेळाडू, वर दोन्ही कोपऱ्यांत मार्गदर्शक, खाली शुभेच्छुकांच्या तीन ओळी. खेळाडूंचे फोटो बोराएवढे, शुभेच्छुकांचे नारळाएवढे. वर ‘चॅम्पियन’. साल टाकलं नव्हतं, हे आता दूरदृष्टीचं वाटतं. दुकानदारानं विचारलं होतं, ‘मालक, लीग संपली काय?’ त्यावर आमचा माणूस म्हणाला, ‘संपल्यातच जमा हाय.’

मार्चच्या शेवटी तळातल्या एका संघाशी बरोबरी झाली. ‘असू दे, एक सामना असतोय असा.’ पुढचा हरलो. ‘पंचाची मेहरबानी.’ त्याच्या पुढचाही हरलो, आणि त्यात पंचानं आम्हाला पेनल्टी दिली होती. ती आमच्या आघाडीच्या खेळाडूनं अशी मारली की चेंडू शोधायला दोन पोरं स्टेडियमबाहेर पाठवावी लागली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘अनेक चढाया केल्या, मात्र समन्वयाअभावी गोल करण्यात अपयश आले.’ कोल्हापूरच्या फुटबॉलवर जे काही लिहिलं गेलंय त्यातून समन्वयाचा अभाव काढून टाकला तर क्रीडापान निम्मं कोरं राहील. आमच्या कट्ट्यावर एका म्हाताऱ्यानं तो पेपर खाली ठेवला आणि विचारलं, ‘ह्यो समन्वय कुठल्या पेठंचा? घ्या की त्याला आपल्याकडं.’

मग गणिताचा मोसम आला. हरणाऱ्या संघाचे समर्थक एप्रिलमध्ये जेवढं गणित करतात तेवढं त्यांनी दहावीत केलं असतं तर पेठेत इंजिनिअर मावले नसते. पहिल्यानं तिसऱ्याकडून दोन गोलनं हरायचं, तिसऱ्यानं दुसऱ्याशी बरोबरी करायची, दुसऱ्यानं पाचव्याकडून मार खायचा आणि आम्ही उरलेले सगळे सामने चार-चार गोलनं जिंकायचे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी घडल्याही. शहरातल्या सगळ्या तालमींनी आमच्यासाठी जे करता येईल ते केलं. फक्त आम्हीच आम्हाला साथ दिली नाही.

कारणं शोधायला बसलं की प्रत्येकाकडं स्वतःचं एक असतं आणि तो ते सोडत नाही. कट्ट्यावरचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य थेट भूगर्भात गेले. शाहू स्टेडियमच्या जागी पूर्वी रावणेश्वराचा तलाव होता, हे खरं आहे. कोल्हापुरानं आपले बरेच तलाव असेच गिळले. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर भाजी मंडई बसली. ज्येष्ठांचं म्हणणं, पाण्याची जागा पाणी विसरत नाही. आता तलाव बुजवल्यावर तिथं कुणी बुडू नये अशी अपेक्षा असते, पण आमचा संघ दर एप्रिलला नेमका तिथंच बुडतो, एवढं मान्य करावं लागतं. त्यांना कुणीतरी विचारलं, ‘आबा, मग बाकीचे पंधरा संघ कुठं खेळतात? त्यांच्या खाली डांबर हाय व्हय?’ आबांनी त्या पोराचं घराणं विचारलं आणि विषय तिकडं वळला.

दुसरा आरोपी आफ्रिकेतून आलेला आमचा खेळाडू. आल्या आल्या त्यानं गोलांचा सपाटा लावला तेव्हा तो पेठेचा लेक होता. घराघरांतून त्याला तांबडा-पांढरा गेला. महिन्याभरात तो ‘काय भावा’ म्हणायला लागला, दोन महिन्यांत मिसळीला कट मागायला लागला, आणि आता, संघ हरायला लागल्यावर, तज्ज्ञ म्हणतात की रश्श्यानं त्याचा वेग गेला. रस्सा पाजणारे आणि हे म्हणणारे लोक तेच. वास्तविक सरावाला वेळेवर येणारा तो एकटा माणूस आहे. सहाला बोलावलं की तो सहाला मैदानात उभा असतो आणि बाकीचे ‘निघालोयच’ असं सांगून अंघोळीला जातात. त्यानं एकदा मला विचारलं, ‘भावा, ये लोग निघालोय बोलता है, तो किधर से निघालोय?’ याचं उत्तर मला देता आलं नाही.

खरं कारण पेठेतल्या सगळ्यांना माहीत आहे, पण ते इतकं साधं आहे की कट्ट्यावर त्याला किंमत नाही. आमचा मधल्या फळीचा खेळाडू शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत पहिल्या पाळीला जातो. गोलरक्षक गुजरीत सोन्याच्या कामाला बसतो, दिवसभर मान खाली. डावीकडून पळणाऱ्या पोराची मे महिन्यात परीक्षा. डिसेंबरच्या थंडीत भट्टीपुढून उठून येऊन माणूस दीड तास पळू शकतो. एप्रिलच्या उन्हात मैदान फरशीइतकं टणक झालेलं असताना, लीगचे सामने, मग एक चषक, मग दुसरा चषक, असं खेळत पाच महिने पळणं अवघड आहे. पाय संपतात. पण ‘पाय संपले’ हे मत मांडायला तीन सेकंद लागतात आणि कट्टा रात्री अकरापर्यंत चालवायचा असतो.

म्हणून मग पनवतीचा शोध लागला.

आमच्यातला एक जण एसटीत कंडक्टर आहे. अत्यंत निर्मळ माणूस, वर्गणी सगळ्यात आधी देणारा. कुणीतरी हिशेब मांडला की हरलेल्या प्रत्येक सामन्याला तो हजर होता. तो जिंकलेल्यांनाही हजर होता, हे त्या हिशेबात धरलं नाही. ठरलं की सामन्याच्या दिवशी त्यानं शहराबाहेर राहायचं. तो बिचारा कबूल झाला. सहकाऱ्यांच्या हातापाया पडून ड्युट्या बदलून घेतल्या आणि सामना असला की गडहिंग्लजची गाडी धरायला लागला. आता कोल्हापूर जिल्ह्यात फुटबॉलपासून लांब जायचं म्हणून गडहिंग्लजला जाणं म्हणजे तहान विसरायला पंचगंगेवर जाण्यासारखं आहे. ते गाव आमच्याइतकंच फुटबॉलनं झपाटलेलं. गाडी लागेपर्यंत हा तिथल्या मैदानावर जाऊन पोरांचा सामना बघत उभा राहिला, त्यातली लाल शर्टातली पोरं त्याला आवडली, आणि अर्ध्या तासात ती हरली. इकडं आम्हीही हरलो. त्यानं रात्री येऊन दोन्ही निकाल प्रामाणिकपणे सांगितले. तेव्हापासून काही लोक त्याच्याकडं नुसती पनवती म्हणून नव्हे, तर आदरानं बघतात. एका माणसाची रेंज साठ किलोमीटर असणं साधी गोष्ट नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनावर घ्यायचं? कोल्हापूरकर हरायला शिकला नाही काय? शिकला की. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीनं ब्राझीलला सात गोल घातले तेव्हा आमच्या चौकात पिवळे झेंडे होते. २०२२ ला क्रोएशियानं टायब्रेकरमध्ये घरी पाठवलं तेव्हाही होते, आणि झेंड्यांच्या शेजारी नेमारचं कटआउट होतं, विजेच्या खांबाच्या वर डोकं काढून. आम्ही दोन दिवस जेवलो नाही असं सांगतो; जेवलो होतो, पण सांगतो. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा पोरगा २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, भारत तिन्ही सामने हरला, तरी आमची छाती फुगलेली ती फुगलेलीच. लांबचा पराभव परवडतो. क्रोएशियाचा माणूस सकाळी दुधाच्या रांगेत आपल्या मागं उभा नसतो.

इथली अडचण ही आहे. ज्यांच्याकडून आपण हरलो ते लोक तीन गल्ल्या सोडून राहतात. सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर दुधाला जावं तर वाटेत त्यांची पेठ. इस्त्रीवाला त्यांचा, मुलाच्या क्लासचे सर त्यांचे, बायकोचा मावसभाऊ त्यांच्या संघाचा माजी बचावपटू. आणि कोल्हापुरी माणूस अशा वेळी टोमणा मारत नाही. टोमणा मारला तर भांडता तरी येतं. तो चौकशी करतो. ‘काय, बरं हाय न्हवं? काल दिसला न्हाईसा उत्तरार्धात. लवकर गेलासा व्हय? उनाचं जरा जपा.’ एका बाईंनी तर माझ्या हातातली भाजीची पिशवी घेऊन घरापर्यंत सोबत केली. त्यांच्या संघानं आम्हाला तीन गोल घातले होते. घरात कुणी गेल्यावर दाखवतात तशी ती आपुलकी होती.

काही जणांना ही आपुलकी सोसत नाही आणि ते दगड उचलतात. तो भाग मी विनोदात घेणार नाही. त्यापायी कोल्हापुरात सामने थांबलेत, पोलिसांनी काठ्या उगारल्यात, आणि केसेस लागलेली पोरं पासपोर्टसाठी हेलपाटे घालतायत. चेंडू पायानं मारायचा खेळ आहे, हात मोकळे आहेत म्हणून ते वापरायलाच हवेत असं नाही.

मध्यंतरी पेठेतलाच एक मुलगा, आता मेलबर्नला नोकरीला आहे, त्याचा फोन आला. त्याला वाटलं मला धीर द्यावा. तिकडं म्हणे वेगळाच फुटबॉल असतो. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, एका बाजूला अठरा-अठरा गडी, हातानं धरलं तरी चालतं. मला पहिल्यांदा वाटलं गांधी मैदानातल्या भांडणाचं वर्णन करतोय. पण पुढं तो म्हणाला की तिथले बहुतेक जुने संघ मेलबर्नच्या पेठांचेच. कॉलिंगवूड, कार्लटन, रिचमंड, एसेंडन, सगळी उपनगरांची नावं. आजोबा ज्या संघाचे, नातू त्याच संघाचा. तेव्हा मी सरसावून बसलो.

आणि त्या कॉलिंगवूडची कथा ऐकून मला पेठेतच असल्यासारखं वाटलं. १९५८ ला त्यांनी अजिंक्यपद जिंकलं आणि पुढचं मिळालं ते थेट १९९० ला. मध्ये बत्तीस वर्षं. बरं, संघ वाईट होता काय? मुळीच नाही. त्या काळात आठ वेळा ते अंतिम सामन्यात हरले. आठ वेळा! १९७० ला तर मध्यांतराला ४४ गुणांनी पुढं होते, समोर कार्लटन, म्हणजे जवळचीच पेठ, आणि बघायला १ लाख २१ हजारांवर माणूस. हरले. दहा गुणांनी. मी विचार केला, त्या मध्यांतरात कॉलिंगवूडमध्ये कुणीतरी डिजिटल फलक करायला टाकला असणार. त्या काळी तिथं डिजिटल नसेल, पण माणसं तर होती.

त्यानं आणखी एक नियम सांगितला, तो ऐकल्यापासून मला झोप नाही. तिथं चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. आणि तो चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तर? तरी एक गुण. चुकलं म्हणून एक गुण! हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग आमच्या गणितज्ञानं कागद काढला. आमच्या आघाडीच्या खेळाडूनं या हंगामात जेवढे चेंडू बाजूनं मारलेत त्यांना एक-एक गुण दिला असता तर आम्ही लीग जिंकून, चषक जिंकून, शिवाय पुढच्या वर्षीसाठी काही गुण शिल्लक ठेवले असते. केएसएला निवेदन द्यावं असा सूर निघाला. निवेदन लिहायला घेतलंही, पण पहिली सही कुणी करायची यावरून ते राहिलं.

त्याच मुलानं जाता जाता सांगितलं की १९८२ साली साउथ मेलबर्न नावाचा संघ आर्थिक ओढगस्तीमुळं उचलून सिडनीला नेला. सगळा संघच, दुसऱ्या शहरात. हे मात्र मी कट्ट्यावर सांगितलं नाही. आमची तालीम कुणी उचलून सांगलीला नेली असं नुसतं मनात आलं तरी घसा कोरडा पडतो. हरू दे, तळाला जाऊ दे, खालच्या गटात जाऊ दे, पण सांगली?

हंगामाच्या शेवटी चिंतन बैठक झाली. तालमीच्या माडीवर, पंखा एक, माणसं साठ. अध्यक्ष म्हणाले, मोकळेपणानं बोला. ही चूक त्यांनी दरवर्षी केलेली आहे. पहिला तास फलकावर कुणाचा फोटो बारीक आला यावर गेला. फलक तयार होऊन दुकानात गुंडाळून पडलाय आणि त्याचं बिल द्यायचं राहिलंय, हे तेव्हा उघड झालं. साल टाकलेलं नाही, त्यामुळे तो पुढच्या वर्षी चालेल, असं एकानं सुचवलं आणि टाळ्या पडल्या. प्रशिक्षक बदला, अशी मागणी झाली. प्रशिक्षक तिथंच चहा वाटत होते, त्यांनी त्या मागणीला अनुमोदन दिलं. फाउंड्रीतला आमचा खेळाडू मागं भिंतीला टेकून झोपला होता. त्याला कुणी उठवलं नाही, हा त्या संध्याकाळचा एकमेव शहाणा निर्णय.

शेवटी विषय निघाला कंडक्टरचा. गडहिंग्लजला पाठवून उपयोग नाही हे सिद्ध झालं होतं. बेळगावला पाठवा म्हटलं तर तिथंही फुटबॉल. तेव्हा मागून एक पोरगा उठला, कॉलेजात आहे, फारसा बोलत नाही. म्हणाला, ‘एवढी ताकद हाय तर बाहेर कशाला घालवालाईसा? पुढच्या सीझनला तिकीट तालमीनं काढायचं आणि समोरच्या पेठेच्या बाजूला नेऊन बसवायचं.’

सभागृह चकित. एवढ्या वर्षांत असा डावपेच आमच्या कुठल्या प्रशिक्षकानं मांडला नव्हता. ठराव एकमतानं पास. अध्यक्षांनी कंडक्टरला विचारलं, चालंल काय? तो उभा राहिला, डोकं खाजवलं.

‘चालतंय की मला. पण तिथं बसून ओरडायचं कुणाच्या नावानं? आपल्या नावानं ओरडलो तर ते मारणार. त्यांच्या नावानं ओरडलो आणि ते जिंकले, तर तुम्ही मारणार.’

त्यावर पुढच्या रविवारी पुन्हा बैठक ठेवली आहे.